गावाचे देणे-घेणे: दोन अ‍ॅनिमे, तीन चित्रपट आणि एक कादंबरी

कोकणावरचा किंवा कोकणासारख्या एखाद्या किनाऱ्यावरचा चित्रपट पाहताना मी अलीकडे एकच गोष्ट शोधत असते. या गावाने कोणाला काय दिले, त्यातले कोणी काय उचलून नेले आणि नेणाऱ्याने मागे काय ठेवले, हा हिशेब कथेत कुठे मांडलेला आहे का? माडांच्या रांगा, लाल माती, कौलांवर कोसळणारा पाऊस आणि मावळतीचा समुद्र हे सगळे कॅमेऱ्याला सहज मिळते आणि एवढ्यावर चित्रपट देखणा होऊनही जातो. पण कुडाळ-मालवण पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्या चौकटीच्या बाहेरचेही ठाऊक असते. वाशीच्या बाजारात गेलेल्या आंब्याच्या पेट्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, किती आली, वाडीतल्या किती घरांना गणपतीचे दिवस सोडून वर्षभर कुलूप असते, डोंगर खणला की खालच्या ओहोळाचे पाणी कोणत्या रंगाचे होते, या गोष्टींवर इथले जगणे चालते.

गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या आणि वाचलेल्या सहा कलाकृती मी या एका कसोटीला लावून पाहिल्या. त्यांत दोन जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे चलत्चित्रकथा, आहेत, तीन आपल्याकडचे चित्रपट आहेत आणि एक जुनी मराठी कादंबरी आहे. सगळ्या सारख्याच आवडल्या असे नाही, आणि ज्या चित्रपटाकडून माझ्या सर्वांत जास्त अपेक्षा होत्या त्याच्याबद्दल तक्रारही बरीच आहे.

सर्वांत निखळ आनंद दिला तो २०१४ सालच्या 'बाराकामोन' या बारा भागांच्या मालिकेने. हांदा सेइशू हा टोकियोतला तरुण सुलेखनकार. एका प्रदर्शनात त्याच्या अक्षराला साचेबद्ध ठरवणाऱ्या वृद्ध संचालकावर तो हात उचलतो, आणि स्वतः नामांकित सुलेखनकार असलेले त्याचे वडील त्याला नागासाकी प्रांतातल्या गोतो बेटांवर पाठवून देतात. शहरातला रुसलेला माणूस खेड्यात येतो आणि साध्याभोळ्या गावकऱ्यांकडून शहाणपण शिकून परत जातो, ही वाट आपल्याकडेही इतकी मळलेली आहे की तिच्यावर नवे काही सापडणे कठीण. 'बाराकामोन'ला ते सापडते, कारण इथल्या गावकऱ्यांना हांदाला शहाणे करण्यात काडीचाही रस नाही. त्याला राहायला मिळालेले रिकामे घर तो येण्यापूर्वी मुलांचा अड्डा होते, आणि तो आल्यावर ते बंद करावे असे मुलांना वाटत नाही. गावच्या मुखियाच्या घरून त्याला जेवण येते. सामान लावायला न बोलावता माणसे येतात. आणि मग, ज्या सहजतेने हे सगळे त्याच्या दारात येऊन पडले, त्याच सहजतेने गाव त्याच्याकडे काम मागते.

या मागण्यांतला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. मिवा नावाच्या मुलीचे वडील आपल्या बोटीवर नाव लिहून द्यायला सांगतात. आजवर कागदावर आणि शाईने लिहिलेला हा माणूस रंगाचा ब्रश हातात घेऊन बोटीच्या पांढऱ्या कुशीसमोर उभा राहतो आणि त्याचा हात उचलेनासा होतो. कागद चुकला तर चुरगळून टाकता येतो आणि दुसरा घेता येतो. बोट ही कोणाच्या तरी पोटापाण्याची वस्तू आहे, तिच्यावरचे चुकलेले अक्षर वर्षानुवर्षे बंदरात सगळ्यांसमोर राहणार. तो असा अडून बसलेला असताना मुले रंगात हात बुडवून बोटीवर पंजे उमटवून मोकळी होतात. आता पांढरेपणा गेलाच आहे, तेव्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. तो लिहितो, आणि त्या इवल्या पंजांसकट ते अक्षर बोटीवर कायमचे राहते.

हा प्रसंग मला इतका जवळचा वाटला त्याचे कारण आमच्याकडच्या बंदरांत आहे. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत मालवण, सर्जेकोट, देवगड इथे होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांची डागडुजी होते, रंग लागतो आणि नारळी पौर्णिमेच्या आधी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना नाव नव्याने लिहिले जाते. ते लिहिणारा माणूस बहुधा गावातलाच असतो. त्याची अक्षरे कुठल्या दालनात टांगली जात नाहीत. पण भर समुद्रात दुसऱ्या होडीवरचा माणूस ती लांबून वाचतो आणि कोणाची होडी ते ओळखतो. हांदाला मोठा सुलेखनकार व्हायचे आहे, आणि त्याच्या अक्षराची पहिली खरी गरज त्याला अशा जागी भेटते जिथे परीक्षक नाही. गावाने दिलेल्या जेवणाची, सोबतीची आणि त्रासाचीही परतफेड तो त्याला येणाऱ्या एकमेव कामाने करतो. हा हिशेब या मालिकेत कोणी भाषण करून सांगत नाही, तो नुसता घडतो.

नारू या लहान मुलीचा आवाज खरोखरच्या बालकलाकाराचा आहे, त्यामुळे तिचे ओरडणे, अडखळणे आणि मध्येच हसत सुटणे यांत मोठ्या माणसाने काढलेल्या बालआवाजाचा बेगडीपणा मुळीच नाही. एका समारंभात उधळल्या जाणाऱ्या मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्या, पकडण्याची चढाओढ आहे, तिथे एक म्हातारी हांदाला सांगते की कोणी पुढे असेल तर त्याला ती घेऊ द्यावी आणि आपण पुढच्या मोचीची वाट पाहावी. स्पर्धेच्या निकालाने खचलेल्या हांदाला हेच बोलणे उपयोगी पडते. मालिकेत उणिवा आहेत. तामाको या मुलीच्या विनोदाचा एकच धागा फार ताणला आहे, आणि बेटावरची तरुण माणसे बाहेर का जातात, शाळेत इतकी कमी मुले का उरली आहेत, हे प्रश्न मालिका पाहून न पाहिल्यासारखे करते. गोडवा थोडा कमी करून तिने तिकडे पाहिले असते तर तिचे वजन वाढले असते.

ओस पडलेल्या जागांचा प्रश्न दुसऱ्या अ‍ॅनिमेने थेट हातात घेतला आहे. माकोतो शिंकाई यांचा 'सुझुमे' जपानमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि भारतात एप्रिल २०२३ मध्ये लागला. मी तो उशिरा, घरीच पाहिला. क्यूशू बेटावरच्या एका किनारी गावात मावशीबरोबर राहणारी सतरा वर्षांची सुझुमे एका पडक्या जागेतले दार उघडते. जपानभर ओसाड झालेल्या जागांमध्ये अशी दारे आहेत, ती उघडली की पलीकडून एक अजस्र शक्ती बाहेर पडते आणि भूकंप होतो. ही दारे बंद करत फिरणारा सोता हा तरुण एका शापाने तीन पायांच्या लाकडी खुर्चीत अडकतो, आणि सुझुमे त्या खुर्चीला घेऊन एहिमे, कोबे, टोकियो असा प्रवास करत थेट ईशान्य जपानपर्यंत जाते.

कथा ऐकायला परीकथेसारखी वाटते. तिचा गाभा मात्र दार बंद करण्याच्या रीतीत आहे. नुसते ढकलून दार बंद होत नाही. एकेकाळी त्या जागी जी माणसे राहिली, त्यांचे आवाज आधी ऐकावे लागतात: बंद पडलेल्या शाळेत मुलांचा गलबला, उजाड झालेल्या जत्रेच्या बागेत आईबापांबरोबर आलेल्या मुलांचे हसणे. ते ऐकू आले की कुलपाची जागा दिसते. मग सोता त्या भूमीच्या देवाला उद्देशून म्हणतो की आमच्या पूर्वजांपासून दीर्घकाळ तुझ्याकडून घेतलेले हे डोंगर आणि या नद्या आम्ही नम्रपणे तुला परत करत आहोत. हे ऐकताना माझ्या कानात आमच्या ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणे घुमत होते. मानकरी देवाला हाक मारतो, बारा-पाचाच्या देवांना आणि राखणदाराला साक्षीला बोलावतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. जमीन आपल्या नावावर असली तरी तिचा धनी दुसरा कोणी आहे, आपण तिच्यावर काही काळ राहतो आणि ते त्याला सांगून राहावे लागते, ही समजूत इथेही आहे. आमच्याकडे देवाला सांगून घर बांधतात, विहीर खणतात, पेरणी करतात. घर सोडून कायमचे जाताना मात्र कोणी गाऱ्हाणे घातल्याचे मी पाहिलेले नाही, आणि 'सुझुमे' पाहिल्यानंतर हे मला फार जाणवू लागले आहे. आमच्या वाडीत चिरेबंदी घरे आहेत ज्यांच्या पडवीत गवत वाढले आहे. मालक मुंबईत आहेत, भावाभावांत वाटप झालेले नाही, आणि सातबारावर इतकी नावे आहेत की घर विकताही येत नाही आणि पाडताही येत नाही.

चित्रपटाचा शेवटचा टप्पा ११ मार्च २०११ च्या भूकंपाशी आणि त्सुनामीशी येऊन भिडतो. सुझुमेची आई त्या दिवशी गेली. लहानपणीची चित्रवही सुझुमेला सापडते, आणि ११ मार्चनंतरची पाने तिने काळ्या खडूने पुरती गिरवून टाकलेली असतात. पानामागून पान काळे, इतकेच दृश्य आहे, आणि त्यासाठी दिग्दर्शकाने एकही शब्द खर्च केलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड आणि दापोलीच्या किनाऱ्यावर माड-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे रोप फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणजे त्या वादळाचा हिशेब आत्ता कुठे मिटू लागला असेल. त्या वादळाकडे किंवा २०२१ च्या चिपळूणच्या पुराकडे इतक्या मायेने आणि इतक्या धिटाईने पाहणारा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.

'सुझुमे'तले प्रेम मला पटले नाही. रस्त्यात एकदा दिसलेल्या सोतासाठी ही मुलगी जिवावर उदार व्हायला निघते, त्यासाठी लागणारा वेळ चित्रपटाने तिला दिलेलाच नाही. त्यापेक्षा मावशीबरोबरचे भांडण कितीतरी खरे आहे. मावशी मासेमारी सहकारी संस्थेत नोकरी करते, बहिणीच्या मुलीला तिने एकटीने वाढवले आहे, आणि महामार्गावरच्या थांब्यावर ती एकदाची बोलून जाते की या मुलीपायी तिची उमेदीची वर्षे गेली. पुढे ती तितक्याच खरेपणाने सांगते की ते मनात होते, पण मनात तेवढेच नव्हते. मोठ्यांच्या तोंडी असे बोलणे घालायला लेखकाला धाडस लागते.

आता आपल्या मातीकडे. सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातल्या, कलावंताची भूमिका केली आहे, आणि ती करताना त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. बाबुलीची दृष्टी अधू होत चालली आहे. बापाने आता नाटकात उभे राहू नये असे मुलाला वाटते, आणि बापाला नाटकाबाहेर आपण कोण आहोत हेच ठाऊक नाही. चित्रपटाचा हा पूर्वार्ध मला मनापासून आवडला. दशावताराचा कलावंत दुसऱ्याकडून रंगून घेत नाही. रंगपटात चटईवर बसून, आरसा समोर धरून तो स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो, भुवया रेखतो, आणि त्या तासाभरात त्याच्या चेहऱ्यावरचा दिवसाचा शीण हळूहळू झाकला जातो. ज्याला आरशातले दिसेनासे होत आहे, त्याच्यासाठी ही रोजची क्रिया केवढी परीक्षा आहे, हे प्रभावळकर बोटांतून दाखवतात. बोटे चेहऱ्यावरून अशी फिरतात जणू चेहराच वाचत आहेत. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस डोळ्यांवाचूनही ते कसे करील, याचा विचार त्यांनी अतिशय बारकाईने केला आहे. त्यांच्या तोंडची मालवणीही तशीच, मुरलेली.

माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. गावाच्या डोंगरावर खाणीचे संकट येते आणि तिथून चित्रपट सूडकथेच्या वाटेला लागतो. बाबुली दशावतारातली रूपे घेऊन अन्यायाचा समाचार घेऊ लागतो, ही कल्पना रंगमंचाला साजेशी आहे आणि प्रेक्षागृहात तिला टाळ्याही पडत होत्या. माझे मन मात्र त्यात रमले नाही, कारण समोरची माणसे पहिल्या दृश्यापासून इतकी उघड खलपुरुष आहेत की खाणीचा प्रश्न त्यांच्याबरोबर संपून जातो. सिंधुदुर्गात खाण ही कल्पित गोष्ट नाही. रेडीला लोहखनिजाची खाण आहे, दोडामार्ग तालुक्यात कळणे आहे, आणि २०२१ च्या पावसाळ्यात कळण्याच्या खाणीतले चिखलपाणी वस्तीत आणि शेतीत शिरले होते. जिथे खाण येते तिथे गाव दुभंगते. एका घरातला मुलगा डंपर घेतो आणि त्याचे हप्ते खाणीच्या भाड्यावर फेडतो. शेजारच्या घराची विहीर गढूळ होते आणि बागेतल्या काजूच्या मोहरावर धूळ बसते. आणि ही दोन्ही घरे जत्रेत एकाच पालखीला खांदा देतात. खरे नाट्य इथे आहे. ज्याने जमीन दिली त्यानेही काही गरजेपोटी दिली, त्याला दुसरे कोणते काम या जिल्ह्यात मिळणार होते, हा प्रश्न चित्रपटाने विचारला असता तर बाबुलीचा संघर्ष बाहेरच्या दुष्टांशी न राहता स्वतःच्या वाडीशी झाला असता. मुलाच्या नोकरीची गोष्ट पूर्वार्धात मांडून चित्रपट त्या उंबरठ्यावर येतो आणि तिथून मागे फिरतो. तरीही चित्रपट पाहावा, असेच मी सांगेन. मोठ्या पडद्यावर पखवाज, झांज आणि पायपेटीचा तो गजर ऐकताना, लहानपणापासून देवळासमोरच्या मांडवात रात्र जागवलेल्या माणसाचा ऊर भरून येतो, आणि माझाही आला.

दशावतारी कलावंताच्या घरातला हिशेब नेमका पाहायचा असेल तर त्यासाठी आधीचा एक छोटा चित्रपट आहे. अभिजीत मोहन वारंग यांचा 'पिकासो' मार्च २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला, त्यामुळे इकडच्याही कितीतरी लोकांच्या तो नजरेतून सुटला. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला होता. गंधर्व या शाळकरी मुलाची चित्रकलेच्या पिकासो शिष्यवृत्तीच्या पुढच्या फेरीसाठी निवड होते, प्रवेशाचे पैसे तातडीने भरायचे असतात, आणि ते मागायला तो बापाकडे, म्हणजे ज्या गावी त्या रात्री नाटक आहे त्या गावी जातो. बाप पांडुरंग हा दशावतारी कलावंत आहे, एकेकाळचा हुशार मूर्तिकार आहे आणि आता दारूच्या आहारी गेलेला आहे. प्रसाद ओक यांनी तो साकारला आहे. जेमतेम सव्वा तासाची ही कथा आहे आणि ती या एका रकमेभोवती फिरते.

'पिकासो'ने मला जिंकले ते पैशाच्या स्पष्टपणाने. शहरातल्या प्रेक्षकाला जी रक्कम किरकोळ वाटेल ती या घरात नाही, एवढ्या एका गोष्टीवर दिग्दर्शक ठाम उभा आहे. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की कंपनी रोज नव्या गावी जाते. पेटारे उतरतात, संध्याकाळी आख्यान ठरते, लिहिलेली संहिता नसताना राजा, राणी आणि राक्षस रात्रभर पल्लेदार संवाद रचत राहतात, आणि पहाटे दहीकाला होऊन माणसे पुढच्या गावच्या गाडीत झोपी जातात. रात्री ज्याने इंद्रपद भोगले त्याच्या हातात सकाळी पडणारी नाइट, म्हणजे त्या रात्रीचे मानधन, फार थोडी असते. चित्रपटाने रंगमंचावरचे नाटक भरपूर वेळ, न कापता दाखवले आहे आणि तिथे बापाने मुलासमोर उभे राहणे हीच कथेची कलाटणी आहे. पुढचे सांगत नाही. ओक यांचा झोकांड्या खाणारा अभिनय सुरुवातीला क्वचित जास्त होतो, पण तोंडाला रंग लागल्यावर ते सावरतात, आणि पांडुरंगही तसाच सावरत असावा असे वाटत राहते. दोन्ही चित्रपटांतून एकच निवडायचा झाला तर मी 'पिकासो' निवडीन.

'तुंबाड' बद्दल थोडे जपून लिहायला हवे, कारण त्याचे चाहते पुष्कळ आहेत. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, फारसा चालला नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मी तो दुसऱ्या वेळी पाहिला. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन कालखंडांत विनायक नावाच्या माणसाची हाव वाढत जाते आणि अखेर मुलाच्या अंगात उतरते. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातला पाऊस विलक्षण आहे. आभाळ महिनोन्महिने उघडत नाही तेव्हा माणसाच्या मनावर जे मळभ साचते ते त्यात आहे.

तुंबाड हे खेड तालुक्यात जगबुडी नदीकाठी वसलेले खरेखुरे गाव आहे. चित्रपटातले तुंबाड मात्र कुठलेच गाव नाही. तिथे भात नाही, कुळे नाहीत, नदीवरची वर्दळ नाही. वाडा आहे आणि त्याच्या पोटात सोने आहे. कथेची दंतकथा मात्र या उणिवेला विचित्र प्रकारे उत्तर देते. देवीचा पुत्र हस्तर याला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही, म्हणून तो युगानुयुगे भुकेला आहे, आणि कणकेच्या बाहुलीच्या आमिषाने त्याच्याकडून मोहरा लुटता येतात. कोकणातल्या खोतीचा, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या जमीनदारीचा, इतिहास जाणणाऱ्याला यात काही ओळखीचे दिसते: पिकवणारा उपाशी आणि त्याच्या धान्यावर दुसऱ्याची तिजोरी. विनायक पुण्यात राहतो, खिसे भरायला तुंबाडला येतो आणि भरल्या खिशाने परत जातो. मधल्या तीस वर्षांत त्या गावात तो एक वीटही रचत नाही. लेखकांनी हे जाणून केले असेल किंवा नसेल, पण गावाकडे फक्त खणून न्यायची जागा म्हणून पाहणाऱ्या माणसाचे इतके अचूक चित्र मी दुसऱ्या भयपटात पाहिलेले नाही. गावाचे जगणेच त्यात नसल्याने कोकणाचा चित्रपट म्हणून मी त्याला मानत नाही, पण हावेचा चित्रपट म्हणून तो पुन्हा पाहीन.

या चित्रपटामुळे अनेक तरुण वाचक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' कडे वळत आहेत, ही मोठीच आनंदाची गोष्ट आहे. दोन्हींत गावाच्या नावाशिवाय काही सारखे नाही, त्यामुळे हस्तर शोधायला येणाऱ्याची निराशा होईल. १९८७ मध्ये दोन जाडजूड खंडांत आलेली ही कादंबरी एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची, इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या काळापासून स्वातंत्र्यापर्यंतची कथा सांगते. पेंडसे हे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, आणि त्या भागातल्या माणसांचे हट्ट, त्यांचे अबोले, त्यांची दिलदारी आणि त्यांचा दुष्टावा त्यांनी आतून ओळखलेला आहे. मी आमच्या वाचनालयातली प्रत घेऊन ती दुसऱ्यांदा वाचली. पहिला खंड झपाटून टाकतो. खोतांचा माज, त्यांची कृत्ये आणि त्या कृत्यांचे भोग पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला कसे येतात, हे पेंडसे कुठेही न्यायाधीश न होता सांगतात. माणूस एका प्रसंगात किळसवाणा वाटतो आणि पुढच्याच प्रकरणात त्याच्यासाठी जीव तुटतो. दुसऱ्या खंडात देशातल्या घडामोडी कथेत येतात तिथे वेग मंदावतो, आणि काही पात्रे बोलण्यापेक्षा मते मांडू लागतात.

माझी मुख्य हरकत वेगळी आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात आपण जवळजवळ सगळा वेळ खोतांच्या ओटीवर बसलेले असतो. अंगणात उभे राहणारे कूळ येते, हात जोडते, धान्य घालते आणि जाते. खोताच्या घरातल्या बायकांची दुःखे पेंडसे फार कोवळ्या हाताने लिहितात, पण मक्त्याचे, म्हणजे खोताला द्यायचे ठरलेले, भात मोजून दिल्यावर कुळाच्या घरातल्या बाईच्या मडक्यात काय उरले, तिकडे कथा क्वचितच जाते. ज्या काळाची ही कादंबरी आहे त्याच काळात अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेते न पेरता खोतांविरुद्ध संप चालवला. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. खोतांच्या नाशाची कारणे पेंडसे घराण्याच्या रक्तात आणि कर्मात शोधतात. ती अंगणाच्या पलीकडेही होती.

कादंबरी लहान ठरते असे मी म्हणत नाही. ओटीवरून जे दिसते ते पेंडशांइतके कोणी लिहिलेले नाही. जे तरुण ती पहिल्यांदा हातात घेत आहेत त्यांनी दोन्ही खंड सलग संपवण्याची घाई करू नये. पहिला खंड झाल्यावर थांबून चरीच्या संपाबद्दल मिळेल ते वाचावे आणि मगच दुसरा उघडावा. या खेपेला मी तसे केले, तेव्हा खोतांच्या बैठकीतल्या लांबलचक संवादांत कोणाकोणाचे नावच घेतले जात नाही, याकडे माझे लक्ष जाऊ लागले.